चिठ्ठीवरची गोळी आणि 'व्यसन' हा शब्द

मराठीत 'व्यसन' हा शब्द एखाद्याला चिकटला, की त्याच्या शरीराचा विचार मागे पडतो आणि चारित्र्याची चर्चा सुरू होते. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिंतेवरची गोळी सांगितल्या मात्रेत वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसालाही जेव्हा हाच शब्द लावला जातो, तेव्हा तो अन्यायकारक तर असतोच, शिवाय धोकादायकही ठरतो. आम्ही भाषा शिकवतो, औषधे देत नाही. परंतु शब्दाने होणाऱ्या अपायाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे असे आम्ही मानतो.

या गोळ्यांचे कूळ बेन्झोडायझेपिनचे. लिओ स्टर्नबाख यांनी रोश कंपनीत शोधलेले 'लिब्रियम' १९६० साली आणि त्यापाठोपाठ 'व्हॅलियम' १९६३ साली बाजारात आले. आज आपल्याकडे घरोघरी आढळणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही त्यांचीच भावंडे. मेंदूला शांत करणारे 'गाबा' नावाचे जे रसायन असते, त्याचा परिणाम ही औषधे वाढवतात. औषध दीर्घकाळ मिळत राहिले, की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्याचा स्वतःचा लगाम सैलावतो. अशा वेळी औषध एकदम काढून घेतले तर मेंदू उधळतो. मोठ्या मात्रेत घेतलेले लिब्रियम अचानक थांबवल्यास रुग्णांना आकडी येऊ शकते, हे लिओ हॉलिस्टर यांनी १९६१ सालीच दाखवून दिले होते.

याला म्हणतात शारीरिक अवलंबित्व. व्यसनात ओढ असते, मात्रा वाढवत नेणे असते, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे असते. अवलंबित्वात यांपैकी काहीही नसू शकते. रात्री जेवणानंतर एक गोळी, तीही दहा वर्षे तेवढीच, घेणारी निवृत्त शिक्षिका व्यसनी नसते; तिच्या मेंदूने केवळ औषधाशी जुळवून घेतलेले असते.

पण घरातले म्हणतात, 'सवय लागली आहे तुला, मनाचा निग्रह कर.' लाजेपोटी ती एके दिवशी गोळी बंद करते. मग झोप उडते, हात कापतात, छाती धडधडते, अंगाला मुंग्या येतात, भांड्याचा आवाज आणि दिव्याचा उजेडही सोसवत नाही. यांतली काही लक्षणे मूळ आजारात कधी नव्हतीच. तरीही निष्कर्ष निघतो की आजार उलटला. गोळी पुन्हा सुरू होते, कित्येकदा वाढीव मात्रेत, आणि घरातल्यांना आपल्या शब्दाचा पुरावा मिळतो. निग्रहाच्या या परीक्षेत नापास होते ती शिक्षिका. प्रश्नपत्रिकाच चुकीची होती, हे कोणी म्हणत नाही.

वास्तविक उतरण्याची वाट ठाऊक आहे. हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे याच रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि संथपणे, रुग्णाच्या गतीने मात्रा उतरवण्याची पद्धत लिहून ठेवली. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांच्या २०२५ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट, आणि सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक नाही. आता आपल्याकडचा प्रचलित सल्ला पाहा: 'उद्यापासून अर्धी घ्या.' ही एका दिवसात ५० टक्के घट झाली. 'मग एक दिवसाआड घ्या' हा सल्लाही तसाच. अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण साधारण अकरा-बारा तासांतच निम्म्यावर येते, त्यामुळे मेंदूला दर दुसऱ्या दिवशी नवा हिसका बसतो.

यावर आक्षेप येईल, की 'व्यसन' या शब्दाच्या धाकाने निदान गैरवापर तरी आटोक्यात राहतो. गैरवापर होतो हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी २०१३ साली अल्प्राझोलाम, डायझेपाम आदी औषधे 'एच-१' अनुसूचीत घातली गेली आणि विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारावर बंधनकारक झाले. तो बंदोबस्त योग्यच आहे. पण त्या वहीत गोळी घरात कशी आली याची नोंद होते. ती घराबाहेर कशी जाईल, याचा तपशील चिठ्ठीवर क्वचितच असतो. तो नसताना उरतो तो केवळ धाक, आणि धाकाने माणूस एकदम थांबतो. नेमके तेच करायचे नसते.

गोळी वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. काहींना ती लागते, काहींना ती चालू ठेवणेच हिताचे असते, आणि उतरण्याचा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायला हवा. आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. पहिली चिठ्ठी लिहितानाच ती किती दिवसांसाठी आहे आणि पुढे कशी उतरवायची, हे डॉक्टरांनी रुग्णाला समजेल अशा मराठीत लिहावे. आणि घरातल्यांनी निग्रहाचे धडे देण्यापेक्षा सहा महिने, लागल्यास वर्षभर, धीर धरावा. निग्रहाची खरी गरज त्यांनाच आहे.