उजनीचा गाळ आणि आपले शिवार



उन्हाळ्यात उजनी उण्यात गेली की पारावर एकच बोलणे निघते : "गाळ काढा, म्हंजे धरण पुन्हा पहिल्यासारखं भरंल." ही कळकळ आम्हांस समजते. उसाला पाळी मिळेना की जीव कसा खालवर होतो, हे आपणांस का सांगायला हवे? पण एकदा हिशेब मांडून पाहू या.

१९८० साली पुरे झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. गाळ सगळा या मृत साठ्यातच बसतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. नदी जिथे जलाशयात शिरते तिथे पाण्याचा वेग मोडतो आणि वाळू, जाड गाळ तिथेच बसतो. ती जागा आपल्या उपयुक्त पाण्याची. बारीक गाळ तेवढा भिंतीपर्यंत येतो.

आता काढायचे म्हटले तर? एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच एक कोटी ब्रास. ट्रॉलीला एक ब्रास धरा. रोज हजार ट्रॉल्या भरल्या तरी दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे लागतील! तीही बारमाही काम चालले तर; आणि पाणी उतरलेले असते चारच महिने.

म्हणून गाळ काढूच नये काय? अवश्य काढावा. गावतळी, पाझर तलाव यांना त्याने नवा जीव येतो. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली ती याचसाठी. मात्र गाळ मुरमाड, हलक्या रानात घाला. काळ्या चिकट रानात घालून निचरा बिघडवू नका. उजनीत पुणे-पिंपरीचे सांडपाणी उतरते, तेव्हा तिथला गाळ आधी तपासूनच आणा.

मोठे धरण वाचते ते वरच्या अंगाला माती अडवून. ती माती कुणाच्या तरी बांधावरूनच वाहते, आपल्याही. बांध धरा, उताराला आडवी नांगरट करा, खोडव्यात पाचट पेटवू नका, ठिबक घ्या.

आमचे मत स्पष्ट आहे : गेलेली माती ट्रॉलीने परत आणण्यापेक्षा ती जाऊच न देणे स्वस्त पडते. हा हिशेब ज्याच्या त्याने आपल्या बांधावर उभे राहून करावा.