गच्ची सर्वांची, ताप एकट्याचा

वातानुकूलन यंत्राचे तापमान २० अंशांच्या खाली व २८ अंशांच्या वर नेता येऊ नये असा नियम करण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्री श्री. मनोहरलाल यांनी २०२५ च्या जून महिन्यात जाहीर केला, तेव्हा देशभर पुष्कळ चर्चा झाली. नागरिकाने आपल्या घरातील यंत्राचा काटा कोठे ठेवावा हे सरकारने सांगावे काय, एवढ्याभोवतीच ती बव्हंशी फिरत राहिली. ज्या खोलीत हे यंत्र बसवावयाचे, ती खोली मुळात इतकी तापते का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. शहरांतील चार-पाच मजली इमारतींच्या अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न होळीपासून मृगापर्यंत रोज रात्री पडतो. वरच्या खोलीतला उकाडा ही ज्याची त्याची खाजगी अडचण, असे आपण आजवर मानीत आलो. तसे मानणे ह्यापुढे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. दिवसाचे कमाल तापमान ४० अंश वा त्याहून अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक चढले, म्हणजे हे खाते ‘उष्ण रात्र’ जाहीर करते. परंतु वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागी, सावलीत, वारा खेळत असलेल्या पेटीत ठेवलेला असतो. गच्चीखालच्या दहा फूट बाय बारा फूट खोलीत रात्री अकरा वाजता पारा कोठे असतो, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. तेथे निजणारा वृद्ध, तान्हे मूल आणि परीक्षेच्या तोंडावर आलेला विद्यार्थी ह्यांच्याच शरीरावर ती होत असते.

ह्या उकाड्याचे कारण गूढ नाही. वैशाखातल्या दुपारी उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता जाड स्लॅबमधून खाली यावयास काही तास घेते. म्हणूनच बाहेर वारा सुटून अंगणात गारवा येऊ लागतो, त्याच वेळी वरच्या खोलीचे छत मात्र तव्याप्रमाणे धग सोडू लागते. पंखा लावावा, तर तो छताखालची तीच तापलेली हवा अंगावर आणून सोडतो. आपल्या जुन्या घरांना ही विद्या ठाऊक होती. कोकणातील कौलांखाली माळा असे व तो उन्हाचा भार झेली. मराठवाड्यातील व सोलापूरकडील माळवदावर मातीचा जाड थर असे. पाचव्या मजल्यावर आता कोणी माळवद घालणार नाही, हे खरे. परंतु छत म्हणजे केवळ पाऊस अडविण्याची सोय नव्हे, हे शहाणपण आपण त्या माळवदाबरोबरच मोडीत काढावयास नको होते.

खोलीच्या आत राहून करावयाचे उपाय आहेत आणि ते अवश्य करावेत. सकाळी ऊन चढण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघडून रात्रभर वारा खेळू द्यावा. पश्चिमेचे ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवून फारसा लाभ होत नाही. ते बाहेरच चिकाने किंवा छज्जाने अडविले पाहिजे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचे ताटे आणि कूलर उत्तम काम देतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांचा फारसा उपयोग नाही. तथापि एवढे सारे केले, तरी उष्णतेचा उगम छताच्या वरच राहतो, आणि तेथे ह्या रहिवाशाची सत्ता चालत नाही. कारण गच्ची त्याची नाही. ती संस्थेची आहे.

येथेच खरी गोम आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्यात जे आदर्श उपविधी आहेत, त्यांनुसार गच्चीतून पावसाचे पाणी झिरपले तर ती दुरुस्ती, इतकेच नव्हे तर त्यामुळे खराब झालेल्या वरच्या मजल्यावरील छताच्या गिलाव्याची दुरुस्तीही, संस्थेने स्वतःच्या खर्चाने करावयाची असते. तळमजल्यावरील सभासद लिफ्ट वापरो वा न वापरो, तिच्या खर्चाचा सारखा वाटा उचलतो. हे न्याय्यच आहे. मग ज्या छतातून पाणी आले तर ते सर्वांचे संकट, त्याच छतातून ऊन आले तर ते एकट्याचे नशीब, हा कोणता न्याय? वरचा स्लॅब खालच्या साऱ्या मजल्यांना सावली देतो. त्या सावलीची किंमत मात्र वरच्याने एकट्याने मोजावी, असा हा व्यवहार आहे.

एकट्याने मोजलेली ही किंमत शेवटी सर्वांच्याच अंगावर येते. गत्यंतर नसल्यामुळे वरचा रहिवासी यंत्र बसवितो. ते यंत्र आतली उष्णता नाहीशी करीत नाही, बाहेर लोटते; ती शेजाऱ्याच्या खिडकीत व खालच्या गल्लीत जाते. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली. २०१७-१८ च्या मानाने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल, असा केंद्र सरकारच्या २०१९ मधील शीतकरण कृती आराखड्याचा अंदाज आहे. वीज पुरविणारे, बिल भरणारे आणि यंत्र न परवडणारे अशा सर्वांनाच हा आकडा विचार करावयास लावणारा आहे.

उपाय साधा आहे. छताला पांढरा, ऊन परतविणारा लेप द्यावा किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवावी. खोलीचे तापमान दोनपासून चार-पाच अंशांपर्यंत उतरते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत मोठी प्राणहानी सोसलेल्या अहमदाबादेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये सुमारे तीन हजार छते पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र धोरण आखून पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छते शीतल करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. चुना पावसात धुऊन जातो व धुळीने मळतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या पन्हाळी साफ करणाऱ्या संस्थेला फाल्गुनात चुन्याचा एक हात देणे जड जाऊ नये.

राज्य सरकारने आदर्श उपविधींत पाण्याच्या गळतीबरोबर उन्हाचाही समावेश करावा. उघड्या स्लॅबमधून आज जेवढी उष्णता आत येते, तिच्या निम्म्याहूनही कमी मर्यादा केंद्राच्या २०१८ मधील ‘इको निवास संहिते’ने घालून दिली आहे, ती पालिकांनी नव्या बांधकामांना सक्तीने लावावी. झोपडवस्तीतील पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहणाऱ्याला ना संस्था आहे, ना उपविधी. त्याचे छत पालिकेने आपल्या खर्चाने आणि सर्वांच्या आधी पांढरे करावे.

राहिले संस्थांचे सभासद. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाची असते. त्या वेळी पाऊस पडून गेलेला असतो, गच्चीवर शेवाळ असते आणि वैशाखाची आठवण कोणालाच नसते. वरच्या मजल्यावरच्यालाही नसते. नेमक्या त्याच सभेत हा ठराव मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडावयास खालच्या मजल्यावरचा सभासद उभा राहिला पाहिजे. सहकार हा शब्द आपण संस्थेच्या पाटीवर लिहितो. तो गच्चीपर्यंत चढतो की नाही, हे त्या दिवशी कळेल.