सहसा, बहुतेक आणि माझी लाल शाई

मागच्या रविवारी पुतणीचा पुण्याहून फोन आला. नोकरी लागून वर्ष होत आलंय. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर सहज म्हणाली, "काका, मी ऑफिसात आता इंग्रजीतच बोलते. मराठी बोललं की लोक हसतात."

झालं होतं एवढंच की चार लोकांत ती म्हणाली, "कोणी माझी मदत करेल का?" त्यावर एका बाईंनी अगदी प्रेमाने सांगितलं, "अगं, 'माझी मदत' नाही गं, 'मला मदत'." बाकीचे हसले. वाईट हेतूने हसले नसतील, पण हसले. मग कुणीतरी "काय करून राह्यली तू?" अशी नक्कल केली आणि ती रोजची गंमत होऊन बसली. इंग्रजीत ती याहून जास्त चुकत असेल, पण तिथे कोणी हसत नाही. म्हणजे बघा, मराठीच्या कैवाऱ्यांनी नांदुऱ्याच्या एका मुलीची मराठी सुधारली ती अशी, की तिने मराठी बोलणंच सोडलं!

मला संताप आला. एक-दोन दिवस मनातल्या मनात भांडलो त्या बाईंशी. आणि मग एकदम माझंच एक पाप आठवलं.

मी इंग्रजीचा मास्तर. तीस वर्षं इथेच खडू झिजवले. एका वर्षी निबंध होता शेतीवर. एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराने लिहिलं होतं, 'होपफुली, धिस इयर द रेन विल बी गुड.' मी 'होपफुली'वर लाल शाईने गोल काढला आणि भर वर्गात विचारलं, "आशा कोण करून राह्यलं बाबू? पाऊस?" वर्ग खो खो हसला. पोरगं खाली बघत राहिलं. त्यानंतर त्याने स्वतःचं असं वाक्य माझ्या वर्गात कधी लिहिलं नाही, गाईडमधलीच उतरवली.

आता ही भानगड काय ते सांगतो. 'होपफुली' म्हणजे मुळात 'आशेने'. 'तिने आशेने दाराकडे पाहिलं', इथे आशा तिची. पण १९६०च्या दशकात अमेरिकेत हा शब्द सर्रास वाक्याच्या तोंडाशी येऊन बसू लागला आणि त्याचा अर्थ झाला 'आशा आहे की'. कोण करतो आशा? बोलणारा. वाक्यातला कर्ता नव्हे. यावर तिकडच्या शुद्धिवाद्यांनी जे रान उठवलं ते काही दशकं चाललं. स्ट्रंक आणि व्हाइटच्या प्रसिद्ध पुस्तकात मी ते वाचलं होतं, आणि वाचलं ते वेदवाक्य! हेच लोक 'फॉर्च्युनेटली', 'फ्रँकली' मात्र बिनदिक्कत वाक्याच्या तोंडाशी लावत होते. 'फ्रँकली, पाऊस कमी आहे' यात पाऊस कुठे मोकळ्या मनाचा असतो? पण तो विचार माझ्या डोक्यात आला नाही. २०१२ साली असोसिएटेड प्रेसने आपल्या शैलीपुस्तकात 'होपफुली'ला परवानगी देऊन टाकली. म्हणजे पोरगं बरोबर होतं. मी मात्र तोवर कितीतरी वह्या रंगवून बसलो होतो.

इंग्रजीचं राहू द्या. आपली मराठी बघा. 'बहुतेक लोक आले' यात बहुतेक म्हणजे जवळजवळ सगळे. आणि 'तो बहुतेक येणार नाही' यात? तो जवळजवळ सगळा येणार नाही? हात-पाय घरी ठेवून येणार? तरी पुण्यापासून नांदुऱ्यापर्यंत सगळे हेच बोलतात. 'सहसा' तर याहून भारी. संस्कृतात सहसा म्हणजे एकाएकी, अविचाराने. हिंदीत आजही 'अचानक'. आणि आपण म्हणतो, 'मी सहसा चहा घेत नाही.' म्हणजे शब्द जवळजवळ उलटाच झाला की! 'कदाचित' म्हणजे संस्कृतात 'एखाद्या वेळी', आपल्याकडे 'असेलही, नसेलही'. 'अर्थात' म्हणजे हिंदीत 'म्हणजेच', आपल्याकडे 'उघडच आहे'. हे सगळे शब्द घसरत घसरतच इथवर आलेत. त्या बाईसुद्धा दिवसातून दहा वेळा 'बहुतेक' म्हणत असतील. त्यांना कोणी हसत नाही, कारण ती घसरण सगळ्यांची मिळून झाली. आमची घसरण फक्त आमची, म्हणून ती चूक!

आता 'माझी मदत'. ते हिंदीच्या 'मेरी मदद'वरून आलं, मान्य. येणारच. वऱ्हाड १९०३पासून १९५६पर्यंत मध्य प्रांताशी एका कारभारात होता, बुऱ्हाणपूर आमच्या उशाशी. आणि गंमत अशी, की 'मदत' हा शब्दच मुळात अरबी! फारसीतून आला. म्हणजे परक्या शब्दाला 'ला' लावला तर शुद्ध आणि 'ची' लावली तर अशुद्ध. कुठल्या न्यायाने? न्यायबिय काही नाही. पुण्यात असं बोलतात, एवढंच.

वर हेही ऐका. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा लीळाचरित्राचं नाव सगळ्यांनी अभिमानाने घेतलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ते कुठे सिद्ध केलं? रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात, आमच्या वऱ्हाडात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आमच्या अंगणातला, आणि आमचं पोरगं तोंड उघडलं की हसण्याचा विषय!

म्हणजे काहीही चालतं असं मी म्हणत नाही बरं का. अर्थाचा घोटाळा झाला तर टोकावंच. सरकारी कागदावरची ती बोजड मराठी, जिच्यात माझा फायदा की तोटा हेच कळत नाही, तिला खुशाल झोडपा. 'प्रामाणिकपणे, मला सिनेमा आवडला नाही' हे इंग्रजीचं कलम माझ्याही दातात अडकतं, पण ती माझी नावड झाली, तिला व्याकरणाचा झगा घालून मी मिरवणार नाही. आणि मुलाला जरूर सांगा की प्रमाण मराठीत 'मला मदत' म्हणतात, परीक्षेत तसं लिही. ते सांगायला अर्धं मिनिट लागतं. हसायची गरज नसते.

पुतणीला मी परत फोन केला. हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे त्या बाईंना सांगू का?" म्हटलं, सांग की. तर म्हणते, "इंग्रजीत?"

तो निबंधवाला पोरगा आता बापाचीच शेती करतो. परवा हायवेवर, आमच्या एकशे पाच फुटी हनुमानाजवळ भेटला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. म्हणाला, "सर, यंदा पाणी कसं राहीन?" मी म्हटलं, "होपफुली, चांगलं राहीन." तो नुसता "हो ना" म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. बहुतेक त्याच्या लक्षात नसावं.