खवले मोजणारा मुलगा

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि खिशातून कागदात गुंडाळलेला मासा काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढी चिलापी. पाठीवर काळपट पट्टे, गालाजवळ जरासा लाल डाग, खवल्यांवर ओली चमक. मी पटकन हात मागे घेतला. तो हसला. मासा लाकडाचा होता.

याला ल्यूर म्हणतात. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावण्याऐवजी हा खोटा मासा दोरीला बांधून पाण्यात फेकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. मरळीसारखा शिकारी मासा त्याला खरा समजून झडप घालतो. कारखान्यातून निघालेले ल्यूर बाजारात भरपूर आहेत, पण हौशी लोक हाताने रंगवलेल्यासाठी जास्त पैसे मोजतात. माझा हा विद्यार्थी ते रंगवतो. दहावीत दोनदा नापास झाला, मग कन्हानकडे एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग शिकायला गेला. आमच्या पारशिवनी तालुक्यात कोळशाच्या खाणी, म्हणून ट्रक, आणि ट्रक म्हणजे रंगकाम. तिथे त्याच्या हातात स्प्रे गन आली. पुढे नागपूरच्या चितारओळीत मूर्तींवर एअरब्रश चालताना पाहिला आणि पगारातून एक घेतला. नाव लिहू का विचारलं तर म्हणाला, "रहने दो सर."

मला वाटलं होतं, रंग फवारला की झालं. त्याने मला एक अख्खी दुपार शेजारी बसवून घेतलं तेव्हा कळलं की फवारणी हा या कामाचा अर्धा भागही नाही. आधी हलकं लाकूड कोरायचं, घासायचं, त्याच्या पोटात शिशाचा तुकडा असा बसवायचा की मासा पाण्यात उलटा होऊ नये. लाकडाने पाणी पिऊ नये म्हणून त्याला बंद करायचं. मग प्रायमर, मग पांढरा. रंगाला पांढऱ्याचा आधार नसेल तर तो मेल्यासारखा दिसतो, हे त्याचे शब्द. त्यानंतर एअरब्रश: पेनसारखा धरायचा, बोटाने दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. सुईचं तोंड ०.३ मिलिमीटरचं. रंग दुधासारखा पातळ हवा. एक जाड थर देण्यापेक्षा सहा पातळ थर, आणि प्रत्येक थरानंतर केस वाळवायचं यंत्र.

खवल्यांसाठी तो बहिणीच्या जुन्या दुपट्ट्याची जाळी वापरतो. जाळी माशावर ताणून चिमट्यांनी घट्ट बसवायची, वरून गडद रंगाचा हलका फवारा मारायचा आणि जाळी काढायची. खाली खवले उमटलेले. नवरीच्या दुपट्ट्याची जाळी बारीक, कांद्याच्या पिशवीची मोठी; कोणत्या माशाला कोणती, हे त्याला पाठ आहे. नुसता रंग नको, बोटाला लागतील असे खवले हवे असतील तर दुसरी रीत: ॲल्युमिनियमची चिकटपट्टी कानशीवर ठेवून वरून घासायची. कानशीचे दात पट्टीवर उमटतात, ती पट्टी माशाच्या अंगावर चिकटवायची आणि त्यावर पारदर्शक रंग द्यायचा. ऊन पडलं की प्रत्येक खवला वेगळा चमकतो. बेडकाची पाठ करायची असेल तर हवेचा दाब कमी करतो, म्हणजे एअरब्रश रंग नीट फवारण्याऐवजी थुंकतो आणि ठिपके पडतात. गॅरेजमध्ये ज्या चुकीसाठी उस्ताद कानाखाली मारायचे, तीच इथे कामाला येते.

मी त्याला फिनलंडच्या लाउरी रापालाची गोष्ट सांगितली. गरीब मच्छीमार. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज त्याच्या नावाचे ल्यूर जगभर विकले जातात. मुलाने विचारलं, "उसको भी चांदी ही सूझी?" आणि कानस बाजूला ठेवून बराच वेळ तसाच बसून राहिला.

पण मला सांगायचं आहे ते रंगाबद्दल नाही, त्याच्या डोळ्याबद्दल आहे. बाजाराच्या दिवशी हा मुलगा मासळी विकणाऱ्या बाईंसमोर उकिडवा बसतो. विकत काही घेत नाही. रोहूच्या अंगावरची मधली रेघ कुठून सुरू होते, खवल्यांची ओळ शेपटीकडे कशी बारीक होत जाते, मेल्यावर रंग किती वेळात उतरतो, हे बघतो. बाई आधी हाकलायच्या, आता बाजूला बसू देतात. एकदा मला म्हणाला, "सर, मछली को ऊपर से देखो तो काली, नीचे से देखो तो सफेद. ऊपर वाले को पानी दिखता, नीचे वाले को आसमान." पाठ गडद आणि पोट फिकं असल्याने मासा वरूनही लपतो आणि खालूनही, हे विज्ञानाच्या पुस्तकात असतं. त्याने ते पाटीवरच्या माशावरून शिकून घेतलं. पाण्यात खोल गेलं की लाल रंग सगळ्यात आधी विझतो, हेही त्याला माहीत आहे. मग गालावर लाल कशाला? "वो मछली के लिए नहीं सर, गिऱ्हाईक के लिए."

आता माझी गोष्ट. हाच मुलगा आठवीत असताना इमल्याच्या वहीच्या समासात मासे काढायचा. मी ती वही वर्गाबाहेर फेकली होती. चाळीस मुलांसमोर. मी बीएडमध्ये बालमानसशास्त्र शिकलो होतो, निरीक्षणशक्तीवर टिपण लिहून चांगले गुण मिळवले होते, आणि समोर निरीक्षण करणारं मूल आलं तेव्हा मला फक्त चुकलेला इमला दिसला. त्याला हा प्रसंग आठवतो की नाही, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

स्वतःचा दोष झाकायला नाही, पण एक गोष्ट सांगतो. मी ज्या शाळांत शिकवलं, त्यांतल्या एकीतही चित्रकलेचा शिक्षक नव्हता. ज्या शिक्षकाचा तास रिकामा, त्याच्या गळ्यात चित्रकला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्या अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे; मात्र पटसंख्या शंभरच्या वर असेल तरच. पारशिवनीसारख्या तालुक्यात, त्यातही उर्दू माध्यमाच्या उच्च प्राथमिक वर्गात, शंभर मुलं कुठून आणायची? म्हणजे नव्वद मुलांच्या शाळेत चित्र काढणारा मुलगा जन्मालाच येत नाही, असं कायद्याने धरून ठेवलं आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आहेत, त्यांच्या जोरावर दहावीत वाढीव गुणही मिळतात. पण त्या परीक्षेला बसवणारं कुणीतरी शाळेत लागतं. गणितात कच्च्या मुलासाठी आपण शिकवणी शोधतो. ज्याचा हात पक्का आहे त्याच्यासाठी काहीच शोधत नाही.

आपल्या समाजाबद्दलही बोलायला हवं. जलशात, सत्कारात आपण हुनर हा शब्द फार प्रेमाने उच्चारतो. मोमीन विणकरांचे दाखले देतो. घरी मात्र दोनच वाटा: हुशार असेल तर नीटची तयारी, नसेल तर गॅरेज. गॅरेजमध्ये गेलेला मुलगा तिथे काय शिकतो, हे बघायला कुणी जात नाही. या मुलाच्या अब्बूंना तो ट्रक रंगवतो एवढंच माहीत होतं. ल्यूर दाखवला तेव्हा ते म्हणाले, "खिलौने बनाता है."

सरकारी नोंदीतही त्याला जागा नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, कुंभार, शिंपी, होड्या बांधणारे, बाहुल्या-खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारेसुद्धा. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. जाळी विणणारा येतो हे योग्यच, आमच्याकडच्या ढिवर बांधवांचा तो हक्क आहे. पण खोटा मासा कोरून रंगवणारा कशात बसतो? मी अर्ज वाचताना खेळण्यांच्या रकान्यावर थांबलो आणि त्याच्या अब्बूंचं वाक्य आठवलं. त्याला म्हटलं, बेटा, खेळणी म्हणून भर. तो म्हणाला, झूठ क्यों लिखें.

एका नगाला साधारण दोन दिवस लागतात. ऑनलाइन विकणारा एक मध्यस्थ त्याला नगामागे शंभर-सव्वाशे देतो आणि पुढे कितीतरी पटीने विकतो. विक्रीच्या फोटोत डबी मध्यस्थाच्या नावाची. याने माशाच्या पोटाखाली बारीक अक्षरात उर्दूतली एक 'मीम' लिहायला सुरुवात केली होती, ती पुसायला सांगण्यात आलं. मला यात पैशापेक्षा ती मीम जास्त लागली.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्या खोलीत होती. रंग पाण्यातले, त्यांचा धोका कमी. शेवटची चकाकी मात्र तो गाड्यांवरच्या टू-के क्लिअरने द्यायचा, दहा बाय दहाच्या बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून. या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत जात राहिला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे जराशा वासानेही धाप लागते. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. हे काम नियमित करणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, गॅरेजमध्ये सगळे असेच मारतात, उस्तादही. उस्ताद पन्नाशीचे नाहीत आणि जिना चढताना दोनदा थांबतात, हे त्यानेच पुढे सांगितलं, पण दोन गोष्टींची सांगड घातली नाही. मी आठवड्यात दोनदा मुलांना अमोनियाचं सूत्र शिकवणाऱ्या विज्ञान शिक्षकांच्या शेजारी बसतो. कामाला जाणाऱ्या पोराला डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला आम्ही कुणीही शिकवत नाही. ती इंग्रजीत असतात, हा आणखी एक भाग.

त्याने आता क्लिअर फवारणं सोडलं आहे. दोन भागांचं इपॉक्सी हातमोजे घालून ब्रशने लावतो आणि ओघळ येऊ नयेत म्हणून माशाला एका जुन्या मायक्रोवेव्हच्या मोटरवर तासन्‌तास फिरत ठेवतो. वेळ जास्त लागतो. मध्यस्थाला उशीर चालत नाही.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्याला टोकलं होतं, जानदाराची तस्वीर बनवतोस म्हणून. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण मला विचाराल तर सवाल रंगाचा कमी आणि गळाचा जास्त आहे. खाण्यासाठी मासा धरणं आपल्याकडे मुबाह आहे. नुसत्या फोटोसाठी त्याचा जबडा फाडून परत सोडायचा, यावर बुजुर्गांनी दोन शब्द बोलावेत असं मला वाटतं. पावसाळ्यात मरळ पिल्लांच्या नारिंगी घोळक्यावर पहारा देत फिरते, नर-मादी दोघंही. त्या वेळी ती भुकेने झडप घालत नाही, पिल्लं वाचवायला घालते, आणि काही हौशी नेमका तोच घोळका शोधून त्यात ल्यूर टाकतात. पहाऱ्यावरची मरळ गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. नवेगाव खैरीच्या पाण्यावर ढिवरांची घरं चालतात, त्यांना याचा राग येतो आणि तो बरोबर आहे. तोतलाडोहला तर राष्ट्रीय उद्यान असल्याने गळ टाकायलाच बंदी आहे. गिऱ्हाइकाला हे सगळं सांगून ल्यूर विक, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, मी विकतच नाही ना सर, मी फक्त रंगवतो. हे उत्तर मला पटलं नाही आणि त्याला तसं सांगितलंही.

मागच्या शनिवारी मुख्याध्यापकांची परवानगी काढून त्याला शाळेत बोलावलं. एअरब्रश आणला नव्हता, फक्त दुपट्ट्याची जाळी, एक कानस आणि बाजारातून घेतलेला अर्धा किलोचा रोहू. मुलांना म्हणाला, आधी खवले मोजा, रंग नंतर. सहावीच्या मुलांनी तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. एक मुलगी मधल्या रेघेवर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती शेपटीपर्यंत पोहोचली नव्हती, आणि पुढचा तास माझा, इमल्याचा होता. मी वर्गाबाहेर उभा राहिलो.