दिवसा न मरणारी तार

मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने सरकारी कारकून. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता, आणि फ्यूज उडाला की शेजारच्या मुलाला हाक मारण्यापुरता. तरीही आज एका वायरमनबद्दल लिहायला बसलोय. कारण त्याने मला जे शिकवलं, ते माझ्याच छपरावर गेली दोन वर्षं बसलेलं असूनही मला ठाऊक नव्हतं.

गेल्या डिसेंबरात साडूच्या मुलीच्या लग्नाला आदिलाबादला गेलो होतो. तेलंगण म्हणजे तेलुगू, असं डोक्यात घेऊन उतरलो आणि स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी आपल्या गोंयकारी हिंदीत सुरुवात केली. त्याने सरळ विचारलं, "कुठं जाचं हाये?" आता बोला! पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. १९५६ साली राज्यांच्या रेषा पुन्हा आखल्या गेल्या तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले, बाकीचा जिल्हा आंध्रात गेला. माणसं मात्र होती तिथेच राहिली. भाषेच्या रेषेवर राहणं म्हणजे काय, हे गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तर हा वायरमन. साडूच्या घरची सगळी वायरिंग त्याचीच. वय पन्नाशीला आलेलं, धंद्यात पंचवीस-तीस वर्षं. घरात मराठी, दुकानात तेलुगू, पाड्यावर गेला की कामापुरती गोंडी, आणि मुसलमान मोहल्ल्यात दखनी. शेतातल्या मोटारी भरणं, लग्नाच्या मांडवात लाइटिंग, कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांची कामं. जुन्या काळी बारा बलुतेदार होते. मला विचाराल तर वायरमन हा तेरावा. त्याच्यावाचून गावाचं पान हलत नाही, आणि त्याचे पैसे कापूस विकला की मिळतात.

चार वर्षांपासून हा गृहस्थ छपरांवर सोलर पॅनल बसवू लागलाय. साडू म्हणाला, "त्यात काय एवढं शिकायचं? इतकी वर्षं वीजच हाताळतोय." हे ऐकून वायरमन हसला आणि म्हणाला, "पाव्हणं, जुन्या धंद्यात मेन पाडला का तार मेली. इथं दिवस हाये तोवर तार जितीच."

त्या एका वाक्यात सगळा फरक आला. पॅनलवर ऊन पडतंय तोवर त्यातून येणाऱ्या तारांत दाब असतोच; सूर्याचा मेन पाडता येत नाही. साधारण ५४५ वॅटची दहा पॅनलं एका माळेत जोडली की उघड्या टोकांवर जवळपास ५०० व्होल्ट. शिवाय ही डीसी वीज. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. डीसीला शून्य नाही. ठिणगीचा जाळ एकदा धरला की धरला. आपल्या पहिल्याच कामात याने सवयीप्रमाणे एसीचा एमसीबी डीसीच्या बाजूला लावला होता आणि तो वितळला. हे त्याने स्वतःहून सांगितलं, न लाजता. मला तो माणूस तिथेच आवडला.

दुसरी गंमत आदिलाबादच्या हवेची. तेलंगणातली कडक थंडी म्हटली की याच जिल्ह्याचं नाव येतं आणि उन्हाळ्यात पारा ४५च्या आसपास. पॅनलचा दाब थंडीत वाढतो. दहा पॅनलांच्या माळेत, पहाटेचा पारा आठ अंशांवर असेल तर आणखी वीस-पंचवीस व्होल्ट. इन्व्हर्टरवर जी कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती या पहाटेला धरून मोजायची. उन्हाळ्यात नेमकं उलट. पॅनल सत्तर अंशांपर्यंत तापतं आणि वीज साधारण सहाव्या हिश्श्याने घटते. लोक भांडायला येतात, ऊन वाढलं अन् वीज कशी घटली? हे समजावण्यात त्याचा अर्धा मे महिना जातो. टोकं दाबायची पक्कडही वेगळी घ्यावी लागली, आधी तो नेहमीच्याच पकडीने दाबायचा. सैल राहिलेलं टोक तापतं. तापलेलं टोक एक दिवस पेटतं.

म्हणजे साडूचं म्हणणं चूक. पण सरकारी कागदाचं म्हणणंही मला तितकंच चूक वाटतं, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. लक्ष्य एक कोटी घरांचं. अनुदान हवं तर काम नोंदणीकृत व्हेंडरकडूनच करून घ्यावं लागतं, आणि पाच वर्षांची देखभालही त्याच्याच गळ्यात. अट योग्यच आहे, नाहीतर कोणीही उठून छपरावर चढेल. पण नोंदणी म्हणजे परवाना, बँकेची हमी, कागदपत्रं. हे सगळं शहरातल्या कंपनीला जमतं. मग कंपनी काम घेते आणि छपरावर आमच्या या वायरमनला चढवते, ठरलेल्या मजुरीवर. कागदावर त्याचं नाव कुठेच नसतं. पाच वर्षांत काही बिघडलं की लोक मात्र त्याचंच दार वाजवतात. कंपनीचा फोन कोण उचलतो?

प्रशिक्षण नाही असं नाही. सूर्यमित्र नावाचा कार्यक्रम २०१५पासून आहे, सुमारे ६०० तासांचा, तीन महिने निवासी. विशीतल्या आयटीआय झालेल्या मुलाला उत्तम. पण ज्याचं दुकान आहे, मुलगी कॉलेजात आहे, तो तीन महिने शटर ओढून कुठे जाणार? हा एका छोट्या वर्गाला जाऊन आला, तर शिकवणं इंग्रजी-तेलुगूत, पुस्तिका नुसत्या इंग्रजीत. तेलुगू तो बोलतो, पण वाचताना अडखळतो. उरलेलं त्याने मोबाइलवर हिंदी-मराठी व्हिडिओ बघून भरून काढलं. माणूस पाचशे व्होल्ट हाताळणार आणि धोक्याची सूचना त्याने अंदाजाने वाचायची!

हे ऐकताना मला याच मुलखातली एक जुनी गोष्ट आठवली. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारच्या काळातच हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ इथे आले, मारलवाईला गोंडांमध्ये राहिले, आणि १९४३ साली तिथे गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र सुरू झालं. वाचनाची पुस्तकं गोंडीत, लिपी देवनागरी, कारण या भागातल्या गोंडांना मराठी परिचयाची होती. पुढे आपले सेतुमाधवराव पगडी अधिकारी म्हणून इथे होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणं लिहिली. सरकारी नोकर होते बरं का! (आमच्या कार्यालयात एखादा अर्ज कोकणीतून आला तर तो तीन टेबलं फिरतो.) ऐंशी वर्षांपूर्वी, ना वीज ना रस्ता, अशा रानात लोकांना त्यांच्या भाषेत शिकवणं जमलं. मग आज सोलरची चाळीस पानी पुस्तिका मराठीत आणि गोंडीत काढायला काय अडतं?

आणि गरज तर आता वाढणारच. तेलंगण सरकारने मे २०२५मध्ये इंदिरा सौर गिरी जल विकासम ही योजना सुरू केली. वनहक्काची जमीन मिळालेल्या आदिवासी शेतकऱ्यांना सौर पंप, सहा लाख एकरांचं लक्ष्य, १२,६०० कोटींचा खर्च. आदिलाबादच्या डोंगरात अशा जमिनी भरपूर. पंप बसतील हो, बसवणं सोपं असतं. तिसऱ्या पावसाळ्यात उटनूरच्या पुढच्या एखाद्या पाड्यावर कंट्रोलर बंद पडेल तेव्हा तिथे मोटारसायकलवरून कोण जाणार? त्या माणसाचं नाव आजच कागदावर यायला हवं. कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहेच. ती तालुक्याच्या गावी आणा, आठ-दहा दिवसांचा डीसीचा वर्ग घ्या, परीक्षा छपरावर घ्या आणि त्याच्या भाषेत घ्या. नापास झाला तर चढू देऊ नका. आणि बसवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक अनुदानाच्या कागदावर लिहा, देखभालीच्या पैशातला वाटा त्याला द्या. एवढं एका कारकुनाला सुचतं, तर वरच्या लोकांना न सुचायला काय झालं?

आता माझ्या छपराचं. तीन किलोवॅट. बसवणाऱ्यांनी सह्या घेतल्या, फोटो काढले आणि गेले. जूनमध्ये वादळात वीज गेली तेव्हा मी ऐटीत बसून राहिलो, आपल्याला काय! तर घरात काळोख. बिघाड समजून आठवडाभर फोन केले, कोणी आलं नाही. आदिलाबादच्या या माणसाने गच्चीवर चहा पिता पिता सांगितलं, की असा संच बाहेरची वीज गेली की मुद्दामच बंद होतो. नाहीतर आपल्या घरातली वीज उलटी खांबावर जाईल आणि तिथे काम करणारा लाइनमन मरेल. बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर असेल तरच दिवे लागतात. मला हे दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर जानेवारीत इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. कंपनीला फोन करायच्या फंदात न पडता मी आमच्या वाड्यावरच्या वायरमनला बोलावलं आणि आदिलाबादचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. इकडून कोकणी वळणाची मराठी, तिकडून वऱ्हाडी वळणाची. पाचेक मिनिटांत कळलं की एका जोडाच्या टोकात पाणी गेलंय. त्यानंतर मात्र दोघं अर्धा तास बोलत राहिले. कोणती पक्कड घ्यावी, किती रुपये सांगावेत, गोव्याच्या खाऱ्या हवेत स्टँडला गंज किती लवकर चढतो. मी आत जाऊन बायकोला तिसरा चहा टाकायला सांगितला.