मत गुप्त, मोहल्ला उघडा

मतदार यादीत धर्माचा रकाना नाही. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक, एवढेच. पण शेख, पठाण, सय्यद वाचल्यावर वेगळा रकाना लागतोच कशाला? मान्यताप्राप्त पक्षांना ही यादी आयोगाकडून मिळते. भाजपने यादीच्या एकेका पानाला पन्नाप्रमुख नेमला, बाकीचेही आता त्याच वाटेवर आहेत. पूर्वी कार्यकर्ता पेन्सिलीने खुणा करायचा, आज तेच काम मोबाईलवर होते. हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा.

इथपर्यंत मला फारसे वावगे वाटत नाही. दारोदार जायचे तर यादी हवीच. खरा प्रश्न मोजणीचा आहे.

निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते की, मशीन केंद्रागणिक वेगळे मोजले जाते. नंतर फॉर्म २० मध्ये कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली, ते जाहीर होते. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार. आमची वस्ती बहुतेक ठिकाणी एकाच जागी दाटलेली, म्हणजे एक मोहल्ला आणि दोन-तीन केंद्रे. मी कुणाला मत दिले ते गुप्त राहते, माझ्या गल्लीने कुणाला दिले ते निकालादिवशीच कळते. मग गटाराचे काम, रस्ता, नळ यांचा हिशेब त्या आकड्यांवरून लावता येतो. ही नुसती शंका नाही. २०१९ च्या प्रचारात सुलतानपूरला मेनका गांधींनी, मते किती मिळतात त्यावरून गावांची ए, बी, सी, डी अशी प्रतवारी करून कामे करण्याची पद्धत भर सभेत सांगितली होती. बाकीचे सांगत नाहीत, इतकाच फरक.

मतपत्रिकांच्या काळात आयोगाला गरज वाटेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. ईव्हीएमसाठीही तसा उपाय आहे. टोटलायझर नावाचे यंत्र अनेक मशीनची एकत्रित बेरीज दाखवते, केंद्रनिहाय आकडा बाहेर येत नाही. आयोगाने २००८ मध्येच त्याचा प्रस्ताव दिला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. तरी ते अजून वापरात नाही. बूथचा आकडा सोडायला कुठला पक्ष खुशीने तयार होईल?

आणि आमच्यातले पुढारी? 'माझ्याकडे दोन हजार मते आहेत' असे सांगत उमेदवाराकडे जाणारे प्रत्येक मोहल्ल्यात एक-दोन तरी असतात. त्यांचेही दुकान याच आकड्यांवर चालते. कौमच्या बैठकांत आरक्षण, वक्फ, उर्दू शाळा हे विषय निघतात आणि निघायलाच हवेत. टोटलायझर हा शब्द मात्र मी तिथे एकदाही ऐकलेला नाही.