मानके ठरविणाऱ्यांच्या बैठकीत आपण कुठे?

रेशन दुकानातील यंत्राने अंगठ्याचा ठसा नाकारला की रिकामी पिशवी घेऊन परतणारा माणूस कोण असतो? वीटभट्टीवर राबणारा, ऊस तोडणारा, गटार उपसणारा, धुणीभांडी करणारी बाई. श्रम करता करता ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, ते सारे! यंत्राला जात नसते, असे सांगितले जाते. परंतु यंत्र कोणाचा हात समोर ठेवून घडविले, हा प्रश्न उरतोच.

कोणता ठसा चालेल हे दुकानदार ठरवीत नाही, तांत्रिक मानक ठरविते. आधारसाठी मानके सुचविणाऱ्या समितीनेच डिसेंबर २००९ च्या अहवालात नमूद केले होते, की भारतीय परिस्थितीत ठशांच्या दर्जाचा सखोल अभ्यास झालेला नाही. तरीही गरिबाचे धान्य त्याच ठशाला बांधले गेले. ठसा जुळला नाही तरी धान्य नाकारू नये, अशी परिपत्रके २०१७ मध्ये निघाली. परंतु व्यवहारात हा अपवाद दुकानदाराच्या मर्जीवर येऊन थांबतो, आणि मर्जीवर मिळते ती भीक असते, हक्क नव्हे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार कायदा वैध ठरविला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र भिन्नमताच्या निकालात, माणसाची प्रतिष्ठा यंत्राच्या शक्याशक्यतेवर सोडता येणार नाही, असे बजावले.

हा विचार आता जगानेही मांडला आहे. इंटरनेटचे नियम घडविताना मानवी हक्कांचा विचार कसा व्हावा, याची प्रश्नावली 'आरएफसी ८२८०' या दस्तऐवजाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानेही २०२३ च्या अहवालात मानके ठरविण्याच्या प्रक्रियेत मानवी हक्कांना स्थान मागितले. पण त्या बैठकांत कंपन्या आणि सरकारे बसतात. झिजलेल्या बोटांचा प्रतिनिधी तेथे नसतो.

महाडचे तळे १९२४ च्या नगरपालिका ठरावाने कागदावर खुले झाले होते. पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. आजचा ठराव संविधानात आहे आणि वाट मानकाने अडविली आहे. म्हणून मानक मंजूर होण्यापूर्वी ते श्रमिकांच्या हातांवर तपासले जावे, ठसा नाकारल्यास धान्य त्याच दिवशी मिळावे आणि भारतीय मानक ब्यूरोच्या समित्यांत श्रमिकांचे प्रतिनिधी असावेत. समाजातील शिकलेल्या अभियंत्यांनी या समित्यांकडे आता पाठ फिरवू नये!